पायदानाची उंची आणि गुडघ्याचा कोन

बालरोगतज्ज्ञाकडे स्मरणिकेसाठी लेख मागितला जातो तेव्हा विषय बहुधा मागणाऱ्याच्या मनात ठरलेला असतो. लसीकरण, दात येण्याच्या काळातील जुलाब, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुखणारे पोट. हे तिन्ही विषय माझे लिहून झाले आहेत आणि आपण ते वाचलेही आहेत. म्हणून यंदा संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी मोटारसायकलच्या पायदानाविषयी लिहीत आहे. गॅरेजमध्ये ज्यास ‘फूटरेस्ट’ म्हणतात तेच हे पायदान. चालविणारा ज्यावर पाय टेकवितो तो वीतभर लांबीचा लोखंडी दांडा. विषय क्षुल्लक वाटला तरी शेवटपर्यंत वाचावा, कारण शेवटी मी माझ्या विभागात परत येणारच आहे.

बेळगावहून निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर. दर आठवड्यास एकदा मी तेथे आणि तेथून आतल्या एखाद्या गावी तपासणीसाठी जातो. महामार्गापुरते पाहिले तर मोटारीने जाणेच शहाणपणाचे. परंतु भोज, गळतगा, बोरगाव या बाजूंच्या आतल्या रस्त्यांवर गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रेलरी ओढणारे ट्रॅक्टर समोर आले की मोटार अडकते आणि दुचाकी निघून जाते. हे झाले सभ्य कारण. खरे कारण असे की मला मोटारसायकल चालविणे आवडते. वडील याच भागात खेडोपाडी राजदूतवरून फिरून डॉक्टरकी करीत आणि त्यांच्या पाठीमागे बसून मी अर्धा तालुका पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. गाडी चालविताना फारसे काही नसे. निपाणीस उतरल्यावर पहिली चार पावले मात्र लंगडत पडत. एके दिवशी मी दवाखान्यात शिरलो आणि बाकावर बसलेला चार वर्षांचा एक रुग्ण उठून, आईच्या देखत, माझ्या मागे तसाच लंगडत चालू लागला. आईने त्यास दटावले. मी अस्थिरोग विभागातील मित्रास फोन केला.

क्ष-किरणात पन्नाशीच्या गुडघ्यात असते तेवढेच होते. मित्राने विचारले, “सिनेमास बसल्यावर दुखते का?” आपल्यापैकी वैद्यकीय मंडळींस हे लक्षण ठाऊक आहे. गुडघा वाकवून दीर्घकाळ बसल्यानंतर उठताना वाटीच्या मागे दुखणे, म्हणजे सिनेमागृहाचे लक्षण. गुडघा जितका अधिक वाकलेला तितकी वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीवर अधिक दाबली जाते. चालताना हा दाब येतो आणि जातो. मोटारसायकलवर तो दीड-दोन तास एकाच जागी राहतो, वर इंजिनाची थरथर. मी गेली कित्येक वर्षे दर आठवड्यास दोन सिनेमे एकाच खुर्चीत पाहत होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वाराची बैठक तीन ठिकाणी ठरते : आसन, हँडल आणि पायदान. हँडल थोडे फिरविता येते, आसनात फोम घालता येतो. पायदान मात्र कारखान्यातून जेथे आले तेथेच राहते. ते ज्या स्वारास गृहीत धरून बसविलेले असते त्याच्यापेक्षा मी चांगलाच उंच आहे. आपल्याकडील शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्या सर्व प्रकारच्या उंचीच्या माणसांनी चालवावयाच्या असतात, त्यामुळे आसन ठेंगणे ठेवणे कारखान्यास भाग पडते आणि उंच माणसाचा गुडघा दुमडला जातो. यात कोणाचा दोष नाही. माझ्या गाडीच्या कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही.

मित्राच्या भौतिकोपचार विभागातून गोनिओमीटर मिळाला. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून मी नेहमीसारखा बसलो आणि मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू व घोट्याचे बाहेरचे हाड या तीन खुणांवर माप घेतले. आसन आणि पायदान दोन्ही एकाच सांगाड्यावर असल्याने गाडी स्टँडवर आहे की रस्त्यावर, याने या मापात फरक पडत नाही. पाय सरळ असताना शून्य धरले तर माझा गुडघा १०५ अंशांत वाकलेला होता. खुर्चीत आपण नव्वदच्या आसपास असतो. कंबरेचीही तीच गत. गुडघे वर आले की ओटीपोटाचे हाड मागे कलते, कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि संकेश्वर मागे पडेपर्यंत पाठ बोलू लागते.

तेव्हा पाय खाली आणि शक्य तर पुढे न्यावयास हवा, असा पहिला विचार मनात आला. एका व्यवसायबंधूंकडे पाय पुढे सोडून बसावयाची, क्रूझर म्हणतात त्या पद्धतीची गाडी आहे. ती मागून घेऊन मी एकदा निपाणीस जाऊन आलो. गुडघा आनंदात होता. परंतु पाय पुढे असले की शरीराचा भार पायांवर घेताच येत नाही. खड्डा समोर दिसला असता आपण नकळत पायदानांवर किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत व घोट्यांत विरतो. पाय पुढे पसरलेले असताना हे उठणे अशक्य होते आणि सगळा धक्का माकडहाडावरून सरळ मणक्यांत जातो. सपाट, अखंड महामार्गांच्या देशात ती बैठक उत्तम असेल. पावसाळ्यानंतरच्या आमच्या आतल्या रस्त्यांवर मी ती कोणासही सुचविणार नाही, आणि ज्यांस कंबरेच्या चकतीचा त्रास आहे त्यांस तर मुळीच नाही. पायदान पुढे न्यावयाचे नाही, आहे तेथेच परंतु खाली घ्यावयाचे, एवढे त्या फेरीत पक्के झाले.

डोंगरवाटांसाठी बनविलेल्या एका मोटारसायकलची पायदाने रुंद, दातेरी आणि मानेत किंचित खाली झुकलेली असतात. उभ्याने गाडी चालविताना तळव्यास आधार मिळावा म्हणून ती तशी केलेली असतात. अशी एक जोडी मला भंगारवाल्याकडे मिळाली. डावे-उजवे एकाच गाडीचे आहे ना, कोठे चीर नाही ना, हे भिंगातून पाहून घेतले. ती बसविली असता पाय सुमारे अडीच सेंटीमीटर खाली येणार होता.

ती घेऊन मी उद्यमबागेतील एका टर्नरकडे गेलो. बेळगाव हे ओतकामाचे आणि लेथचे गाव आहे. येथे उद्यमबागेत विचारले तर न मिळणारा सुटा भाग क्वचितच असेल. हे गृहस्थ माझ्याकडे पूर्वी दोन्ही मुलांना घेऊन येत. त्यांनी पायदाने हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “डॉक्टर, गाडी तुमची, गुडघा तुमचा. खरं माप माझं चालणार. घाई करू नकासा.” (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

पुढील तासाभरात त्यांनी मला जे शिकविले ते मोटारसायकलच्या कोणत्याही पुस्तकात एवढे सोपे करून सांगितलेले मी पाहिलेले नाही. पायदान गाडीस दोन कानांच्या मधोमध एका पिनेने अडकविलेले असते. दुसऱ्या गाडीचे पायदान आणले की प्रथम त्या दोन कानांमधील फट आणि पायदानाच्या मानेची जाडी व्हर्निअरने मोजावयाची. माझ्या गाडीची फट १८ मिलिमीटर, नव्या मानेची जाडी १६. म्हणजे दोन्ही बाजूंस एकेक मिलिमीटरचा वॉशर. गाडीची पिन ८ मिलिमीटरची आणि पायदानाचे भोक १०चे. येथे मी सुचविले की कानांची भोकेही दहाची करून जाड पिन घालावी. त्यांनी मान हलविली. गाडीचे कान ॲल्युमिनियमचे ओतीव. त्यातील धातू कमी केला की उद्या खड्ड्यात तडा जाईल आणि तो दिसणारही नाही. त्याऐवजी लेथवर पोलादाचा पातळ बुश काढून तो पायदानाच्या भोकात ठोकून बसविला. “फरक करायचा तो आणलेल्या तुकड्यात. गाडीच्या अंगाला हात लावायचा नाही.” शस्त्रक्रियेच्या विभागातील माझ्या मित्रांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

खरी मेख मात्र पिनेत नव्हती. पायदान आडवे राहते ते पिनेमुळे, असे मी आजवर समजत होतो. पिन केवळ त्यास फिरू देते. पायदान खाली पडत नाही ते त्याच्या मानेखाली असलेल्या एका छोट्या सपाट टाचेमुळे. ती टाच गाडीच्या कानामागील भिंतीस टेकते आणि आपला सगळा भार तेथे जातो. दोन कंपन्यांच्या टाचांचा कोन सारखा नसतो. माझी नवी पायदाने बसविली तेव्हा ती बाहेरच्या टोकास पाच-सहा अंश खाली झुकली. दिसावयास ते काहीच नव्हते, परंतु बेळगावच्या पावसात ओल्या बुटाने त्यावर पाय ठेवला असता तो बाहेरच घसरणार. टाचेवर वेल्डिंगचा थर चढवून मग कानशीने घासत घासत ती आडवी, किंबहुना टोकास किंचित वर केली. पायदान घडीव पोलादाचे असल्याने वेल्डिंग धरले. ते बिडाचे असते तर हे काम करू नये. बिडावरचे साधे वेल्डिंग आज धरल्यासारखे दिसते आणि उद्या सुटते, हे ओतकामाच्या गावातल्या माणसास सांगावे लागत नाही.

पायदान परत जागेवर आणणारी स्प्रिंग आणि पिन निसटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन, या दोन पाच-दहा रुपयांच्या वस्तू नव्या घेतल्या. मग टर्नरसाहेबांनी मला एकेका पायदानावर संपूर्ण भार टाकून उभे केले आणि नाचावयास सांगितले. ७८ किलो वजनाचा एम.डी. उद्यमबागेत भर दुपारी एका पायावर नाचत आहे, हे दृश्य शेजारच्या दोन कारखान्यांतील कामगारांनी पाहिले.

पायदान घडीचे असणे ही चैन नव्हे. निपाणीच्या अलीकडे स्तवनिधीचा घाट उतरताना गाडी वळणावर कलते. पायदान रस्त्यास लागले आणि ते घडी होऊन वर उचलले गेले तर ठिणग्या उडतात आणि आपण सावध होतो. ते पक्के वेल्ड केलेले असेल तर त्याच टोकावर गाडी तोलली जाऊन मागचे चाक उचलले जाऊ शकते. माझी नवी पायदाने अडीच सेंटीमीटर खाली आणि दोन सेंटीमीटर बाहेर आली होती. जमिनीपासूनची उंची आणि चाकाच्या मध्यरेषेपासूनचे अंतर घेऊन हिशोब मांडला तेव्हा पूर्वी साधारण ३८ अंश कलता येत असे, ते आता ३४ वर आले, असे निघाले. माझ्या वयास आणि वेगास ३४ अंश पुष्कळ झाले. पंचविशीतल्या एखाद्या मुलाने आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटात हाच बदल करून जाण्यापूर्वी हा हिशोब जरूर मांडावा.

आता ज्यासाठी हा लेख लिहिण्याचे धाडस केले तो प्रसंग. पायदाने बसली, गुडघ्यास बरे वाटले आणि मी त्याच आठवड्यात बोरगावकडे निघालो. ब्रेकचे पेडल आणि गिअरचा लिव्हर जेथल्या तेथे होते. टर्नरने निघताना सांगितले होते, “ब्रेक मेकॅनिककडून खाली करून घ्या हं.” मी हो म्हटले आणि विसरलो. पायदान अडीच सेंटीमीटर खाली गेले म्हणजे पेडल पायाच्या हिशोबाने अडीच सेंटीमीटर वर गेले. पूर्वी पंजा केवळ दाबला की ब्रेक लागे. आता घोटा वर उचलून, पंजा पेडलवर ठेवून, मग दाबावयाचा होता. उसाच्या फडाच्या कडेने एक मुलगा पळत रस्त्यावर आला. माझा पाय पेडल शोधत त्याच्या खालच्या दांड्यावर आपटला. दुसऱ्या खेपेस ते सापडले. दरम्यान उजव्या हाताने पुढचा ब्रेक लावला होता, रस्ता कोरडा होता, आणि मुलगा थबकला. चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले. तो हसून पळून गेला. मी गाडी कडेला घेऊन बराच वेळ बांधावर बसलो.

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदास सुमारे ११ मीटर जाते. पायास पेडल सापडण्यास अर्धा सेकंद अधिक लागला तर साडेपाच मीटर. हा हिशोब मला निघण्यापूर्वीही येत होता. दोष सर्वस्वी माझा होता आणि त्याचे कारणही मला नंतर समजले : पायदान हा मी केवळ आसनाचा भाग मानला होता. ते पायाने चालवावयाच्या यंत्रणेचे शून्य आहे. पायाची प्रत्येक हालचाल तेथून मोजली जाते. जुन्या बुलेटवर गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. ज्यांनी त्या आणि इतर गाड्या आलटून पालटून चालविल्या त्यांस विचारावे, संकटात पाय कोणत्या बाजूस जातो ते. डोके जाणते, घोटा जाणत नाही. त्यास शिकवावे लागते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पेडलची उंची ठरविणारा बोल्ट असतो, त्याने पेडल खाली घेतले. त्यामुळे मागच्या ब्रेकचा दांडा ढिला-घट्ट करून पेडलची मोकळी चाल पुन्हा जमवून घेतली. आणि पेडलबरोबर ब्रेकच्या दिव्याचा स्विचही हलवावा लागला, अन्यथा दिवा सतत लागून राहतो किंवा लागतच नाही. गिअरचा लिव्हर दातेरी दांड्यावर बसविलेला असतो. तो काढून एक दाता खाली फिरविला. किक मारताना रुंद पायदान आड येते हेही तेव्हाच ध्यानात आले; आता आधी घडी करून मग किक मारतो. त्यानंतर दोन रविवार मोकळ्या मैदानावर मी केवळ ब्रेक लावीत फिरलो.

आता फायद्याविषयी प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आकडा लहान आहे. पाय अडीच सेंटीमीटर खाली आल्याने गुडघ्याचा कोन १०५ वरून १०१ वर आला. हे गणित कोणासही करता येईल : मांडी आणि नडगी या दोन बाजू, आसनापासून पायदानापर्यंतचे अंतर ही तिसरी. आसनात दोन सेंटीमीटर कठीण फोम भरला तेव्हा आणखी तीन अंश मिळाले. ९८. परंतु रुंद पायदानाने एक वेगळी सोय दिली, जी मी मोजली नव्हती. पूर्वीच्या अरुंद दांड्यावर तळव्याची एकच जागा होती. आता पाय थोडा पुढे, थोडा मागे, कधी पंजावर, कधी टाचेजवळ ठेवता येतो आणि दर दहा मिनिटांनी गुडघ्याचा कोन बदलतो. माझ्या मते निम्मे श्रेय या हालचालीचे आहे. उरलेल्यातील किती श्रेय मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचे आणि किती उतरविलेल्या चार किलो वजनाचे, हे सांगता येणार नाही, कारण सर्व उपचार मी एकदम सुरू केले. विद्यार्थ्यांनी असे केले असते तर मी रागावलो असतो.

एक तोटाही नोंदवितो. दातेरी लोखंडातून तळव्यास थरथर अधिक जाणवते. त्या पायदानांवर बसणारा रबरी तुकडा मिळतो. तो बसवून घेतला. पावसाळ्यात चिखलाचे बूट असताना तो काढून ठेवतो, कारण ओल्या रबरापेक्षा दाते बूट चांगला धरतात.

कायद्याची बाजूही सांगावयास हवी. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात नमूद असलेल्या आणि कारखान्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, आणि २०१९च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयानेही हा मुद्दा कडक शब्दांत मांडला आहे. पायदान नोंदणीपत्रात लिहिलेले नसते हे खरे. तरीही अपघातानंतर विम्याच्या माणसासमोर वाद घालण्याची वेळ कोणावर येऊ नये. पिनेवर बसणारा, सांगाड्यास न कापता केलेला आणि दहा मिनिटांत पूर्ववत करता येणारा बदल एवढीच मर्यादा मी स्वतःस घालून घेतली. केए-२२, केए-२३ आणि एमएच-०९ या तिन्ही पाट्यांच्या गाड्या ज्या बाजारात शेजारी शेजारी उभ्या राहतात तेथे दोन राज्यांचे वाहतूक पोलीस भेटतात, हेही ध्यानात ठेवावे.

पायदाने काढून गाडी उद्यमबागेत उभी होती तेव्हा मी बसावयास स्टूल घेतले आणि माझी नजर मागच्या पायदानाच्या पातळीस आली. मागे बसणाऱ्याचे पायदान, त्याच्या वरची मोकळी जागा आणि त्या जागेत फिरणारे चाक. हे चित्र मी इतकी वर्षे वरून पाहिले होते. बाजूने पाहिल्यावर मला निपाणीकडील पाच वर्षांची एक मुलगी आठवली.

मागचे पायदान मोठ्या माणसाच्या पायासाठी असते. चार-पाच वर्षांच्या मुलाचा पाय तेथपर्यंत पोहोचतच नाही. तो लोंबकळतो आणि लोंबकळणारी टाच नेमकी चाकाच्या तारांच्या उंचीस येते. मूल पेंगले की पाय आत वळतो. ही जखम आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असेल : टाचेच्या मागे, स्नायुबंधाच्या वरची त्वचा सोललेली, घोटा सुजलेला. पहिल्या दिवशी ती खरचटल्यासारखी दिसते आणि फसविते. त्वचा चेंगरलेली आणि खालच्या थरापासून सरकलेली असल्याने दोन-तीन दिवसांनी काळी पडते. म्हणून क्ष-किरण आणि धनुर्वाताची सुई झाल्यावरही तिसऱ्या दिवशी पट्टी उघडून पाहणे आवश्यक असते. त्या मुलीच्या बाबतीत पट्टी आठव्या दिवशी उघडली गेली. आधी जेथे पट्टी बांधली तेथील कोणास दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वडिलांनाच वाटले होते की साधे खरचटले आहे. तिला त्वचारोपण करावे लागले आणि शाळेचे अर्धे वर्ष गेले.

पालकांसाठी एवढेच सांगतो, की पाय अडकला तर चाक पुढे फिरवू नये आणि पाय ओढू नये. इंजिन बंद करून मुलास धरून ठेवावे आणि जवळच्या गॅरेजमधून माणूस बोलावून तारा कापाव्यात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हातात धरावयाची मूठ, पायदान आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असावे लागते. आवरणाचा उद्देश कपडे अडकू नयेत हा, म्हणून आपण त्यास साडीगार्ड म्हणतो आणि साडी नेसणारे घरात कोणी नसले की ते काढून भंगारात देतो. गाडी त्याशिवाय देखणी दिसते, हे मान्य. परंतु ते सहसा डाव्या बाजूस असते. उजवीकडे सायलेन्सरच्या वर चाक उघडेच राहते आणि पाय भाजण्याचे दुःख निराळेच. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचना निघून वर्षभराने नियम लागू झाला. त्यात भर आहे तो मुलास चालकाशी बांधणारा पट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या वेगमर्यादेवर. पट्ट्याने मूल पडत नाही. गुडघ्याखालचा पाय मात्र मोकळाच राहतो.

माझी काढलेली जुनी पायदाने मुलांच्या उंचीवर, मागच्या बाजूस वर बसविता येतील का, असे मी टर्नरसाहेबांना विचारले. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. “गोल पाइपला क्लॅम्प लावून बसंल की ओ. खरं पोरगं त्यावर उभं राहिलं आणि क्लॅम्प फिरला, तर पाय थेट चाकात. मीच ढकलल्यासारखं होईल.” त्याऐवजी त्यांनी पातळ सळईच्या चौकटीत बारीक जाळी बसवून दोन्ही बाजूंचे चाक टाचेच्या उंचीवर झाकणारे एक साधे आवरण केले. ते साडीगार्डच्याच बोल्टवर आणि मडगार्डच्या पट्टीवर बसते; छिद्र एकही पाडावे लागत नाही. जाळीतून मुलाचे बोट जाऊ नये एवढी ती बारीक आहे. पहिल्या जाळीत माझी तर्जनी गेली, म्हणून ती त्यांनी बदलली.

त्या मुलीच्या वडिलांना मी निरोप धाडला. ते गाडी घेऊन आले; मागे मुलगी होती, आता सात वर्षांची. गाडी जुनी, साडीगार्ड काढून टाकलेले, बोल्टाची जागा गंजलेली. काम संपेपर्यंत ती स्टुलावर बसून माझ्या गाडीच्या दातेरी पायदानांवर बोट फिरवीत होती. तिने मला विचारले की डॉक्टरांच्या गाडीला दात का आहेत. आतापर्यंत अशा अकरा गाड्यांवर जाळी बसली आहे. माप आणि रेखाटन माझ्या निपाणीच्या दवाखान्यात ठेवले असून ज्या व्यवसायबंधूंना हवे असेल त्यांनी घेऊन आपल्या गावच्या गॅरेजला द्यावे. माझी मूळ पायदाने त्याच कपाटात, दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात, ग्रीस लावून ठेवली आहेत.